गिरणीचा भोंगा आणि डफाची थाप

इतिहासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, तह आणि सनावळ्या येतात. शाळेतल्या मुलाला विचारा, पानिपत कधी झाले? मूल चटकन सांगेल, १७६१. पण त्याच मुलाला विचारा, बाळा, तुझा आजा मुंबईला कोणत्या गिरणीत होता, किती तास साच्यापुढे उभा राहत होता, आणि पाळी सुटल्यावर मैदानात बसून कोणाचे गाणे ऐकत होता? मूल गप्प बसेल. त्यात त्याचा दोष नाही. ते त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मला आज बोलायचे आहे ते या गाण्याविषयी. गिरणगावात जन्मलेले, राजकारणाने भारलेले, सरकारला खुपलेले आणि लोकांनी डोक्यावर घेतलेले असे हे गाणे. आणि त्याहून अधिक बोलायचे आहे ते या गाण्याचे स्वागत लोकांनी आणि सरकारने वेळोवेळी कसे केले, यावर.

आता कोणी म्हणेल, सुप्यासारख्या गावाने हे का ऐकावे? आपला पारनेर तालुका पावसाच्या छायेचा. विहीर आटली की माणसाने मुंबईची वाट धरायची, हा इथला जुना रिवाज. एक खुलासा आधीच करून ठेवतो, कारण शिक्षक मंडळींचा इथे नेहमी घोटाळा होतो. १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव ज्या गावी सुरू झाला, ते पुणे जिल्ह्यातले, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले सुपे. आपले सुपे ते नव्हे. परंतु तो वणवा थोड्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात पोचला आणि पारनेर तालुक्यातल्या गावांतही कर्जरोखे जाळले गेले. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, तो या उठावामुळे. कायदा झाला, पण पाऊस काही कायद्याने पडत नाही. कर्ज आणि दुष्काळ या दोन पायांवर चालत आपला माणूस घाट उतरला आणि गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

ती गिरणी कशी होती? मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराडी उभी राहिली. भोंगा वाजला की उठायचे, भोंगा वाजला की जेवायचे, भोंगा वाजला की सुटायचे. गावी सूर्यावर चालणारा माणूस इथे वाफेवर चालू लागला. साचेखात्यात आवाज असा की शेजारच्याशी बोलायचे तर खुणेने बोलावे. आठवड्याची सुट्टी हीदेखील आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. आज आपण रविवारी जी घरी बसतो, ती त्या माणसाची कमाई.

पुढे १९२८ साल उजाडले. गिरणी मालकांनी काटकसरीच्या नावाखाली दोन साच्यांऐवजी तीन साचे एकाच माणसाच्या गळ्यात घालण्याची योजना आणली. माणसे कमी होणार, मजुरी घटणार, हे कामगाराला कळायला वेळ लागला नाही. एप्रिलमध्ये संप सुरू झाला आणि सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. या संपातच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिचे सभासद ५० हजारांवर गेले. ‘लाल बावटा’ हा शब्द मुंबईच्या बोलीत रुजला तो तेव्हापासून. आपण ज्या गाण्याविषयी बोलतो आहोत, त्याची जमीन ही अशी तयार झाली.

आता बी कुठून आले ते पाहू. गाण्यातून समाजाला शहाणे करण्याची रीत आपल्याकडे कम्युनिस्टांनी आणलेली नाही. शाहीर पेशवाईतही होते. त्यांनी पराक्रमाचे पोवाडे म्हटले आणि दुष्काळाचेही म्हटले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केल्यावर त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे निघाले. तमाशाचेच ढोलकी-तुणतुणे, पण विषय भटशाहीचा, सावकारीचा आणि शिक्षणाचा. त्यानंतर नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. म्हणजे वाट मळलेली होती. गिरणगावातल्या शाहिरांनी त्या वाटेवर आपली गाडी घातली.

हे शाहीर प्रामुख्याने तीन. पहिले अण्णा भाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी मांग समाजात जन्म. शाळा जेमतेम दीड दिवसाची. लहानपणी आईबापांबरोबर वाटेगावाहून पायी चालत मुंबई गाठली. हमाली केली, पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची गाठ पडली आणि पाट्या वाचत वाचत अक्षरओळख झालेला हा माणूस लिहू लागला.

दुसरे अमर शेख. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे जन्म. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर, मग बार्शीला गिरणी कामगार. संपात पडल्यामुळे तुरुंगवास घडला, तो कोठे म्हणाल तर विसापूरला. हे विसापूर आपल्याच जिल्ह्यातले, श्रीगोंदे तालुक्यातले, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे. इंग्रज सरकार तिथे राजकीय कैदी ठेवी. म्हणजे महाराष्ट्र पुढे ज्याच्या आवाजाने हलला, तो शाहीर आपल्या शेजारच्या तुरुंगात भाकरी खाऊन गेलेला आहे. शाळेच्या सहलीला वेरूळला जरूर जावे. पण विसापूरचे नाव घेताना एवढी गोष्ट मुलांच्या कानावर घालायला काय हरकत आहे?

तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर. या तिघांनी १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ काढले. आदल्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ ही अखिल भारतीय लोकनाट्य संघटना स्थापन झाली होती. देशभरातले लेखक, नट, गायक एकत्र येत होते. पण इप्टाच्या मंडळींत शिकलेल्यांचा भरणा अधिक. हे कलापथक मात्र कामगाराच्या बोलीत, कामगाराच्याच ठेक्यावर बोलणारे.

त्यांनी केले काय, ते नीट पाहण्याजोगे आहे. तमाशाचा साचा आपणांस ठाऊक आहे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण त्यातले वंदन गणपतीऐवजी मातृभूमीला, शिवछत्रपतींना, कष्टकऱ्यांना केले. गवळण काढून टाकली. कृष्णाने गौळणींची वाट अडवायची आणि प्रेक्षकांनी फेटे उडवायचे, हा भाग गेला. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी आणि मंत्री आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’ ही नावे वाचली तरी विषय कळतो. हसवता हसवता चिमटा असा की चिमटा बसलेल्यालाही हसावे लागे.

आणि आवाज! अमर शेखांचा आवाज पहाडी होता. मैदानात हजारो माणसे बसलेली, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, ही त्या गाण्याची पहिली अट. डफाची थाप, झांजेचा खणका, आणि मागून झीलकऱ्यांनी उचललेले पालुपद. शब्द सोपे, कारण ते ऐकता ऐकता पाठ व्हायला हवेत. पालुपद परत परत येणारे, कारण ते श्रोत्याने उचलायचे असते. शास्त्रीय संगीताच्या जाणकाराला हे ओबडधोबड वाटेल. पण दिवसभर साच्याच्या खडखडाटात कान बधिर झालेल्या माणसाला हळुवार आलाप ऐकू येत नसतो, हेही लक्षात घ्यावे. या गाण्याचा मोठा आवाज हा त्या जगण्यातून आला होता.

इथे थोडा जगाचा फेरफटका मारू. कारखान्याच्या गर्जनेतून संगीत काढण्याचा प्रयोग पुढे युरोपात झाला. त्याला तिकडे ‘इंडस्ट्रियल’ म्हणजे कारखानी संगीत म्हणतात, आणि त्यात कर्कश विजेच्या गिटारींची भर पडून ‘इंडस्ट्रियल मेटल’ नावाचा प्रकार झाला. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एखाद्या पोराच्या मोबाईलवर आज ते ऐकूही येईल. त्यातली दोन उदाहरणे आपल्या विषयाशी भावकी सांगणारी आहेत. युगोस्लाव्हियातल्या त्रबोव्ल्ये या कोळशाच्या खाणींच्या गावी १९८० साली ‘लायबाख’ नावाचा ताफा निघाला. त्यांचे नाव आणि त्यांचा लष्करी थाट सरकारला इतका झोंबला की १९८३ ते १९८७ या काळात लुब्लियाना शहरात त्यांना त्या नावाने कार्यक्रम करण्याची मनाई होती. दुसरे उदाहरण इंग्लंडचे. लंडनच्या ‘टेस्ट डिपार्टमेंट’ या ताफ्यातली पोरे भंगारातले पत्रे, नळ, पिंपे बडवून संगीत करीत. १९८४-८५ साली तिथल्या खाण कामगारांचा वर्षभराचा संप झाला, तेव्हा या पोरांनी दक्षिण वेल्सच्या संपकरी खाण कामगारांच्या गायनवृंदाला बरोबर घेऊन कार्यक्रम केले आणि १९८५ साली एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या नावाचा अर्थ ‘खांद्याला खांदा’. आपल्या लाल बावट्याच्या मंडळींना हे नाव ऐकून परके वाटले नसते.

फरक मात्र एक आहे. त्या मंडळींच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, विकल्या गेल्या, आजही मिळतात. आपल्या शाहिरांच्या गाण्याचा मुख्य प्रवास तोंडातून कानात आणि कानातून तोंडात झाला. मैदानातल्या सभेत ऐकलेले गाणे चाळीत म्हटले जाई, चाळीतले खानावळीत, आणि जत्रेला गावी आलेला मुंबईकर ते गावच्या पारावर म्हणून दाखवी. जिथे माणूस गेला तिथे गाणे गेले. त्यामुळे ते पसरले खूप, पण टिकून राहिले कमी.

आता स्वागताकडे येऊ. अमुक गाणे ‘लोकप्रिय होते’ असे म्हणून पुस्तके पुढे सरकतात. कोणाला प्रिय, केव्हा प्रिय, आणि कोणाला अप्रिय, हे विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. या एकाच कलापथकाच्या वाट्याला पंधरा-वीस वर्षांत चार तऱ्हांचे स्वागत आले.

पहिला काळ महायुद्धाचा. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. पोवाडा म्हणून तो जोरकसच. पण वेळ कशी होती ती पाहा. १९४२ चे ‘चले जाव’ आंदोलन नुकतेच झालेले, पुढारी तुरुंगात, आणि कम्युनिस्ट पक्षाचे धोरण असे की हे युद्ध आता लोकयुद्ध आहे, तेव्हा त्याला विरोध नको. पुष्कळ देशभक्तांना ही भूमिका रुचली नाही, आणि त्यांचा राग त्या पक्षाच्या गाण्यांवरही निघाला. गिरणगावातल्या लाल बावट्याच्या माणसाने पोवाड्याला टाळी दिली, तर सेवा दलाच्या किंवा काँग्रेसच्या माणसाने कपाळाला आठी घातली. मात्र १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर त्यांनी गाणी केली, तेव्हा ती आठी सैल झाली. भुकेचे गाणे पक्ष विचारत नाही.

दुसरा काळ स्वातंत्र्यानंतर लगेचचा. १९४८ च्या सुमारास कम्युनिस्टांची धरपकड सुरू होती. त्याच सुमारास मुंबई सरकारने तमाशा अश्लील झाला म्हणून त्यावर बंदी आणली. तमाशात ओंगळपणा शिरला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बंदीने पोट मारले ते फडातल्या कलावंतांचे, आणि त्याबरोबर राजकीय वगालाही लगाम बसला. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि अटी घालून तमाशाला पुन्हा वाट देण्यात आली. वगाची संहिता आधी सरकारला दाखवायची, ही त्यातली मुख्य मेख. अण्णा भाऊंच्या ‘माझी मुंबई’ या वगावरही बंदीची कुऱ्हाड आली. अण्णा भाऊंनी यावर तोड काढली. ते आपल्या खेळाला तमाशा न म्हणता ‘लोकनाट्य’ म्हणू लागले. मौज अशी की सरकारी नियमातून वाट काढण्यासाठी वापरलेला हा शब्द पुढे प्रतिष्ठेचा झाला. १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले, तेव्हा शहरातला पांढरपेशा प्रेक्षक ‘लोकनाट्य बघायला’ तिकीट काढून जाऊ लागला. तमाशाला जातो म्हणायला तो लाजला असता.

तिसरा काळ संयुक्त महाराष्ट्राचा, आणि हा या गाण्याच्या भाग्याचा काळ. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर झाल्यावर शहर पेटले. या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली, आणि त्यांत कष्टकरी वर्गातली माणसे पुष्कळ होती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी आणि आपल्या पारनेरचे सेनापती बापट अशी भिन्न मतांची माणसे एका व्यासपीठावर आली. त्या व्यासपीठावर भाषणाआधी डफ वाजे. शिवाजी पार्कवर, कामगार मैदानावर, तालुक्यातालुक्याच्या सभांत लोक पुढाऱ्यांइतकेच शाहिरांना ऐकायला येत. अत्र्यांनी अमर शेखांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले, ते त्यांच्या अतिशयोक्तीच्या सवयीला सोडूनच म्हणावे लागेल.

या काळातली अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आपण सर्वांनी ऐकली असेल. शाहीर विठ्ठल उमपांच्या आवाजात ती पुढच्या पिढ्यांपर्यंत आली. वरवर पाहता ती आहे एका गड्याच्या विरहाची. तो पोटासाठी मुंबईला आला, बायको गावी राहिली. पण ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला आपला मुलूख होऊन बसते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची ताटातूट आणि नवरा-बायकोची ताटातूट एकाच धाग्यात ओवली जाते. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल किती जणांनी वाचला असेल? पण सीमेचा प्रश्न काय आहे, हे पारनेर तालुक्यातल्या बाईलाही त्या छकडीने समजावले. कारण तिचाही माणूस मुंबईला होता. राजकीय गाणे मनात का उतरते, याचे उत्तर मला इथे सापडते. सांगायची गोष्ट मोठी असो, ती माणसाच्या घरातल्या दुःखाच्या दाराने आत आली पाहिजे.

गाणारे तेच होते, डफ तोच होता, बावटाही तोच होता. मग १९४३ साली जे निम्म्या लोकांना खुपले, ते १९५६ साली सर्वांना आपले का वाटले? गाण्याचा दर्जा वाढला, एवढ्याने हे समजत नाही. पक्षाचा प्रश्न आणि जनतेचा प्रश्न तेव्हा एक झाला होता. पक्षाचे गाणे पक्षापुरते राहते. लोकांच्या दुखण्यावर बोट ठेवणारे गाणे पक्ष ओलांडून जाते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तो कामगार दिनही आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

चौथा काळ मात्र ऐकायला बरा नाही. राज्य मिळाले, समिती विस्कळीत झाली, व्यासपीठे ओस पडली. अण्णा भाऊ या काळात कादंबरीकार म्हणून मोठे झाले. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. पण आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली, आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात हलाखीतच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. अत्रे १३ जूनला गेलेच होते. अडीच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन आवाज बंद झाले.

पुढे आणखी उशिराने मान आला. २००२ साली भारत सरकारने अण्णा भाऊंच्या नावाचे टपाल तिकीट काढले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोच्या रुदोमिनो ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. ज्याच्या वगावर एका सरकारने बंदी घातली, त्याचा पुतळा दुसऱ्या सरकारने उभारला. हे चांगलेच झाले. पण पुतळा बोलत नाही, हीदेखील त्यातली एक सोय असते. त्याच्या शेजारी उभे राहून त्याचे ‘लोकमंत्र्याचा दौरा’ वाचायला हवे.

आता शिक्षक मंडळींसाठी थोडे वेगळे. गाणे हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना, ते काय सांगते याबरोबरच ते काय सांगत नाही, हेही पाहावे लागते. गिरणगावच्या गाण्यात कामगार एक आहे, त्याची वज्रमूठ आहे. प्रत्यक्षात काय होते? कित्येक गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ सवर्ण कामगाराला चाले ना. साचेखात्यात मजुरी जास्त. म्हणजे विटाळाच्या नावावर भाकरी तोडली जात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. ज्याच्या जातीने हे भोगले, तो अण्णा भाऊ एकीचे गाणे म्हणत होता. त्यामुळे त्या गाण्यातली एकी ही झालेल्या गोष्टीची नोंद कमी आणि व्हायला हव्या त्या गोष्टीची मागणी अधिक, असे समजून ते वाचावे. तसेच बाईचे. गिरण्यांत बायकाही राबत होत्या. गाण्यात मात्र ती बहुधा गावी वाट पाहणारी मैनाच असते. हे दाखवल्याने शाहीर लहान होत नाहीत. उलट मुले विचार करायला शिकतात.

आणि ‘हे सगळे प्रचारकी, ही काय कला?’ असा प्रश्न कोणी केला तर काय सांगावे? तो प्रश्न त्या काळीही विचारला गेला. त्यात तथ्य नाही असे नाही. निवडणुकीपुरती बांधलेली गाणी निवडणुकीबरोबर मेली, आणि ते योग्यच झाले. पण संतांच्या अभंगातही उपदेश आहे, म्हणून आपण त्याला प्रचारकी म्हणत नाही. कसोटी एकच, प्रसंग संपल्यावर गाणे उरते का? ‘माझी मैना’ उरली. लढा संपून साठ वर्षे उलटली तरी घर सोडून कामाला गेलेल्या माणसाला ती आपली वाटते. तिला आणखी दाखला कशाला?

गिरणगाव मात्र उरले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. धुराड्यांच्या जागी उंच इमारती आणि दुकाने आली. कित्येक कामगार पेटी-वळकटी घेऊन गावी परतले. आपल्या पंचक्रोशीतही अशी घरे आहेत. आणि ज्या माळावर काल मेंढरे चरत होती, तिथे आपल्या सुप्यात आता औद्योगिक वसाहत उभी आहे. आजा कारखान्याकडे घाट उतरून गेला, नातवाकडे कारखाना घाट चढून आला. नातू कंत्राटी आहे, परप्रांतातून आलेल्या जोडीदाराबरोबर पाळी करतो, कानात गाणे घालून बसने घरी येतो. त्याच्या कामाचे, त्याच्या धास्तीचे गाणे कोणी रचले आहे का? रचले असेल तर ते कोणी लिहून ठेवले आहे का?

म्हणून शिक्षकांना एक विनंती. १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती शाळाशाळांतून होते. हार घालावा, भाषणे व्हावीत. पण त्या आठवड्यात वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम द्यावे. गावात गिरणीतून परत आलेले जे म्हातारे असतील, त्यांच्याकडे वही घेऊन जायचे. ‘आबा, कोणत्या खात्यात होता? पगार किती होता? संपाच्या दिवसांत घर कसे चालले? आणि तेव्हा म्हणत होता ते एखादे गाणे येते का?’ एवढे चार प्रश्न विचारायचे, आणि उत्तर जसे येईल तसे, त्याच बोलीत उतरून घ्यायचे. आजीलाही विचारायचे, कारण मागे राहून शेत तिनेच सांभाळले आणि मनीऑर्डरीची वाट तिनेच पाहिली. तिच्या ओव्यांत मुंबई वेगळीच निघेल.

ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. किल्ल्याचा दगड आणखी शंभर वर्षे तग धरेल, म्हाताऱ्याची आठवण तेवढी थांबणार नाही. या गाण्यांचे दफ्तर कोणत्याही कचेरीत भरलेले नाही. ते आहे माणसांच्या तोंडी. या पावसाळ्यात एका शाळेने जरी अशी एक वही भरली, तरी महाराष्ट्राच्या इतिहासात चार पानांची भर पडेल, आणि ती पाने आपल्या गावची असतील.